फक्त घड्याळ बघायचं होतं

२ फेब्रुवारी

ही वही खरं तर माझी नाही. शिकवणीच्या बाईंनी पालकांसाठी दिलीय. उजव्या पानावर रकाने आखलेत: तारीख, किती प्रश्न, किती वेळात, पालकांची सही. डावं पान कोरं. ते कशाला, असं मुंगीला विचारलं तर म्हणाली, "कच्च्या कामासाठी." मग ते माझं. आपलं सगळं कच्चंच काम. बाई डावीकडे बघत नाहीत, असं तिनेच सांगितलं.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय दहा. रांगायची तेव्हा स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू घरभर ओढत न्यायची. उशी, बादली, एकदा माझा बूट थेट जिन्यापर्यंत. म्हणून मुंगी. आता मला "तुम्ही" म्हणते. मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलतात तसं, नीट आणि लांबून.

दोन वर्षांनी घरी आलोय. आठवण आली म्हणून आलो असं लिहिणार होतो, पण कच्च्या पानावर खोटं कशाला. मी रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या टोळीत आहे. उकळता रंग डाव्या पावलावर सांडला. मुकादम म्हणाला, दोन महिने तोंड दाखवू नकोस, तंबूत लंगडा माणूस अडचण करतो.

बायकोने दार उघडलं. आधी पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाली, "एवढंच भाजलंय?" आणि पिशवी आत घेतली.

३ फेब्रुवारी

आज कामाचं बोलणं झालं. म्हणजे ती बोलली.

बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. दिवसभर चादरी. त्यांच्या मोठ्या रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघी दोन टोकं धरतात आणि तीन झटक्यांत घडी. मुंगीला तिने दुपटीचं गणित त्या घड्यांवर शिकवलंय. सात वर्षांची होती तेव्हापासून तिचा अभ्यास तीच घेतेय, एका डोळ्यात झोप असताना. सगळं कशासाठी, तर टेकडीवरच्या निवासी शाळेसाठी. प्राथमिकची शेवटची परीक्षा चोवीस मार्चला आहे, तिच्यातूनच तिथं मुली घेतात. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. आयुष्यात एकदाच बसता येतं. त्या शाळेतून डॉक्टर झालेल्या तिघी हिच्या हॉस्पिटलात आहेत. त्यांचे कोट हीच धुते.

लाँड्रीतल्या दोघी काम सोडून गेल्यात, म्हणून मार्च संपेपर्यंत हिला दोन पाळ्या. घरी आली की भिंतीला टेकून बसते आणि बसल्या बसल्या झोपते.

म्हणाली, "तिला सगळं येतं. तू काही शिकवू नकोस."

"मग मी काय करू?"

"तुला फक्त घड्याळ बघायचंय. बाईंनी सरावाचे पेपर दिलेत. एकेक द्यायचा, नव्वद मिनिटं झाली की काढून घ्यायचा. रडली तरी काढून घ्यायचा. आणि वहीत खरं लिहायचं."

"एवढंच?"

"एवढंच. जमेल?"

हे काय काम झालं, म्हणालो. ती हसली नाही. टेबलावरचं गजराचं घड्याळ पुसून माझ्यासमोर ठेवलं.

६ फेब्रुवारी

बाईंकडे पालकांची बैठक. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीला. माझ्या शेजारी बेकरीवाला, त्याचीही मुलगी बसणार आहे. त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास होता, त्यामुळे पहिली दहा मिनिटं बाई काय बोलल्या ते मला कळलं नाही.

मग त्यांनी उत्तराचा कागद दाखवला. प्रश्न वेगळे, उत्तरं वेगळ्या कागदावर. प्रत्येक प्रश्नापुढे चार बारीक गोल. बरोबर वाटेल तो गोल काळ्या पेनने पूर्ण भरायचा. माणूस तपासत नाही, यंत्र तपासतं. गोल फिका राहिला किंवा रेघ बाहेर गेली तर यंत्र वाचत नाही, मार्क गेला.

मी सरसावून बसलो. एवढ्या बैठकीत हे एकच मला समजत होतं.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेसमोर आम्ही झेब्रा मारला होता. चार पट्टे फार तर बोटभर वाकडे. तपासनीस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, खरवडा. अख्खा झेब्रा खरवडून काढला, तीन दिवस. तेव्हापासून टोळीत कडा मारायचं काम माझ्याकडे. मुकादम येता-जाता शिव्या देतो, पण कडेच्या बाबतीत कधी बोललेला नाही.

कागद मोजकेच आहेत, प्रत्येकाला बारा. बाई वर्गात तोंडी सराव घेतात, गोल भरायचा सराव घरीच. "आणि घरी वेळ लावून, बरं का," बाई म्हणाल्या. बेकरीवाला म्हणाला, तो भट्टीची घंटीच लावणार. पाव करपले तर करपले.

८ फेब्रुवारी

पहिला कागद. मुंगी गोल भरते म्हणजे काय करते, तर पेन गिरवत सुटते, कोंबडीने उकरल्यासारखं. अर्ध्या गोलांत पांढरं राहिलेलं, अर्ध्यांतून रेघा बाहेर.

मी कागद ओढून घेतला. म्हटलं, "हे खरवडायला लावतील."

"कोण?"

मग तिला झेब्र्याची गोष्ट सांगितली. तपासनीसाची नक्कल केली, कमरेवर हात, नाक रस्त्याला लागलेलं. ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मग शिकवलं. बायकोने नको म्हटलं होतं, पण हे काही अभ्यासातलं नाही, हे माझं आहे. आधी कड. पेनचं टोक आतून टेकवायचं आणि सावकाश पूर्ण फेरी. मग आत, गोल गोल, मध्यापर्यंत. शेवटी कागद उजेडाकडे तिरका धरायचा आणि पांढरा ठिपका राहिलाय का बघायचं. तिचा हात माझ्यावर गेलाय. चौथ्याच गोलाला जमलं.

"असा?"

"असाच. मस्त."

घड्याळाकडे बघायचं राहिलं. रकान्यांत शंभर आणि "वेळेत" लिहिलं. पहिलाच दिवस होता.

११ फेब्रुवारी

ते घड्याळ फार वाजतं. टक टक, मुंगीची कड हलते. आवाज कमी करावा म्हणून उघडलं. आत काय सुंदर दुनिया आहे. एक बारकं पितळी चाक उलटं फिरतं, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. परत बसवलं तेव्हा दोन स्क्रू आणि एक बारकी धातूची पत्री उरली. घड्याळ आता वाजत नाही. चालतही नाही.

मुंगीने ती पत्री हातात घेतली, खिडकीकडे धरून बघितली आणि पेन्सिलीच्या डब्यात ठेवली. म्हणाली, "आईला नका सांगू. तिचं आहे ते, लग्नाच्या आधीचं."

रोज संध्याकाळी हाताने काटे फिरवून ठेवतो. बायको झोपेत असते, तिच्या लक्षात येत नाही.

१७ फेब्रुवारी

पाय बरा आहे. जिन्यात वरच्या मजल्यावरचं कपाट अडकलं होतं, दोन हमाल दोन बाजूंनी एकमेकांना शिव्या देत होते. मुंगीचा पेपर चालू होता, म्हटलं दोन मिनिटं हात लावून येतो. कपाट तिरकं केलं, दार उतरवलं, वर नेलं, चहा झाला. परत आलो तर मुंगी गोल भरतच होती. जीभ दाताखाली.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"वाजू दे. कडा बघू."

एकूण एक गोल छापल्यासारखा. माझ्या टोळीतल्या माणसांना असं जमत नाही. तिला म्हटलं, तू मोठी झालीस की तुला रस्त्यावर नेतो. म्हणाली, "मी टेकडीवर जाणार ना?" हो, ते विसरलोच होतो.

वेळेत.

१९ फेब्रुवारी

बायको जेवताना: "वेळेत होतंय ना?"

मी म्हणालो, होतंय. मुंगीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "होतंय."

२६ फेब्रुवारी

आज मुंगी म्हणाली, "बाबा, आपले साठच झाले."

खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरलं होतं, म्हणजे नव्वद मिनिटं झाली असावीत. मोबाइलवर बघायला हवं होतं, पण मोबाइल काढला की मी त्यातच अडकतो, माझं मला माहीत आहे.

तिला समजावलं. "हे बघ, कोरड्या सरावात हात हळूच चालतो. आम्ही नव्या पोराला आधी मोकळ्या मैदानात साचा धरायला शिकवतो. तिथं तो तासभर लावतो. पण खऱ्या रस्त्यावर भट्टीतून रंग सुटला की रंग थांबत नाही, मग हात आपोआप पळतो. कधी न पळालेला मी बघितला नाही. आधी कड पक्की पाहिजे, वेग आपोआप येतो."

"परीक्षेत पण?"

"तिथंही."

तिने मान डोलवली. तिचा माझ्यावर विश्वास बसला, हे मला दिसलं. फार दिवसांनी कुणाचा बसला.

आणि हो, "तू" म्हणाली. "बाबा, तुझं पेन दे." लिहून ठेवतो.

५ मार्च

बेकरीवाला पाव द्यायला आला, फुकट, करपलेले. "घंटीपायी," म्हणाला. त्याच्या मुलीचे सत्त्याण्णव प्रश्न होतात. मी तिचे गोल बघितले. बटाटे. अक्षरशः बटाटे. त्याला काही बोललो नाही, कशाला त्याची झोप उडवा. पण मुंगीला नंतर म्हटलं, "तुझी कड बघून तपासनीस पाया पडेल." ती पोट धरून हसली.

१२ मार्च

आठ दिवस लिहिलं नाही. उजवीकडे मात्र रोजच्या रोज लिहिलंय.

मुकादमाचा फोन. समुद्राकडचा नवा रस्ता मिळालाय, चाळीस किलोमीटर, दुहेरी पट्टा. "पाय भरला का रे?" भरलाय, म्हणालो. मग म्हणालो, परीक्षा झाली की येतो. तो म्हणाला, "तुझी कसली परीक्षा?"

मुंगी दारामागे होती. विचारलं, "तू जाणार?"

"बघू."

"मागच्या वेळी पण बघू म्हणालास."

तेव्हा ती आठ वर्षांची होती. लक्षात राहील असं वाटलं नव्हतं. तेव्हा बायकोशी कडाक्याचं वाजलं होतं, गॅसची नळी मी बदलली नाही म्हणून, आणि घर थोडक्यात वाचलं होतं. माझं असं होतं. माझ्या हातून काही बिघडलं की मला तिथं उभं राहवत नाही. पाय आपोआप रस्त्याला लागतात.

२३ मार्च

उद्या परीक्षा. बायकोने सुट्टी घेतलीय. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला उजेडात नीट बघितलं. हातांची साल निघालीय, साबणाने. मुंगीचे केस विंचरत होती आणि प्रश्न विचारत होती. मुंगी प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देत होती. अठरा प्रश्न, अठरा बरोबर. बायको हळूच म्हणाली, "होईल हे." मला नाही, भिंतीला.

२४ मार्च

केंद्र म्हणजे एक जुनी शाळा. फाटकात गर्दी, आयांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, बापांच्या हातात काहीच नाही.

बायको वाकून मुंगीला म्हणाली, "घड्याळ बघ."

मी म्हणालो, "कडा बघ."

तिने दोघांनाही मान डोलवली आणि आत गेली. वळून मला पेन दाखवलं, माझं.

नव्वद मिनिटं. बायको फाटकाचा गज धरून उभी होती, जागची हलली नाही. मी थोडा वेळ थांबलो. मग समोरचा झेब्रा दिसला. काय मारलाय, चारी पट्टे चार रुंदीचे. पावलांनी मोजत होतो तेवढ्यात घंटा झाली.

बेकरीवाल्याची मुलगी उड्या मारत बाहेर आली. बोटं, गाल, एक कान, सगळं शाईने काळं. मुंगी शेवटच्या चार-पाचांत आली. हात स्वच्छ.

"झाले सगळे?" बायकोने विचारलं.

मुंगीने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "झाले."

"आणि कडा?" मी विचारलं.

"एकही बाहेर नाही गेली, बाबा."

मी तिला खांद्यावर घेतलं. दहा वर्षांची मुलगी जड असते, पाऊल ठणकलं, पण कोपऱ्यापर्यंत नेलं. बायको मागून येत होती. मान खाली. थकली असेल.

घरी आल्यावर दोघी बराच वेळ मोरीत होत्या, नळ सोडून. मी आईस्क्रीम आणायला गेलो. आणलं तर कुणी खाल्लं नाही, पातळ झालं, मग मीच प्यालो.

२ एप्रिल

उजवी पानं संपली. आता फक्त डावं उरलंय.

मुकादमाला सांगितलं, निकाल लागला की येतो. तो म्हणाला तोवर रस्ता संपेल. संपू दे. मुंगीला टेकडीवर सोडून यावं असं मनात आहे. ट्रंक रंगवून देईन. नाव टाकीन, साचा कापून, नीट.

बायकोला हे सांगितलं. ती घड्या घालत होती. "ट्रंक राहू दे," म्हणाली. ती हल्ली मुंगीला जवळ घेऊन झोपते. मुंगीही हल्ली फार गप्प असते. परीक्षेनंतर असं होत असेल, रिकामं वाटत असेल. मला रस्ता संपला की वाटतं तसं.

१९ एप्रिल

ट्रंक आणलीच. निळी. झाकणावर मुंगी काढली, सहा पायांची, डोक्यावर टेकडी घेतलेली. वाळत घातली तर ती बघून पोरगी आत पळाली आणि रडली. बायको म्हणाली, "लावलीस ना नजर. ठेव आत." मला वाटतं मुंगीला घर सोडायची भीती वाटतेय. मी तिला सांगितलं, सुरुवातीला पहिल्या रात्री तंबूत मीही रडलो होतो. ती म्हणाली, "मग परत का नाही आलास?"

मी ट्रंक उचलून आत ठेवली.

२ मे

नाही झालं.

यादी एक्क्याऐंशी मार्कांवर थांबली. मुंगीला अठ्ठावन्न. बेकरीवाल्याच्या बटाट्यांना चौऱ्याऐंशी.

मी यादी तीनदा वाचली. म्हटलं, यंत्राचा घोटाळा असेल. मुंगी शेजारी उभी होती. म्हणाली, "नाही बाबा. मला बाकीचे येतच नव्हते."

"अगं, आदल्या दिवशी तर सगळं..."

"तिथं नाही आले."

बस्स. मीही असाच होतो. या परीक्षेला मी तर बसलोही नव्हतो, आदल्या आठवड्यात मीठ भरलेल्या ट्रकवर बसून निघून गेलो होतो. वाटलं, पोरीत माझं रक्त जास्त उतरलं. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, जाऊ दे, माझं काय अडलं? ती माझ्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, "तू चिडला नाहीस?" तुझ्यावर कशाला चिडू, म्हटलं. "मग जाणार नाहीस?"

नाही म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मनात कुठंतरी बरंही वाटलं. आता ती घरीच राहणार.

बायको कामावर गेली. सुट्टी होती तरी गेली.

८ मे

ज्यांना उत्तरपत्रिका बघायच्या आहेत त्यांनी उद्या परीक्षेच्या कार्यालयात यावं, अशी चिठ्ठी आलीय. म्हटलं, बघून काय करायचं, न आलेल्याचं काय बघायचं? बायको म्हणाली, "मी जाणार आहे. तू पण चल."

९ मे

लांबलचक खोली, लोखंडी कपाटं, टेबलामागे चष्मेवाला कारकून. त्याने क्रमांक विचारला, गठ्ठा सोडला, कागद काढून आमच्यासमोर ठेवला.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहितो, लाज वाटली तरी. वाटलं, काय कडा आहेत.

कारकुनालाही तेच वाटलं असावं. त्याने कागद उचलून उजेडाकडे तिरका धरला, अगदी मी तिला शिकवलं होतं तसा. म्हणाला, "हजारो बघतो मी. एवढी स्वच्छ भरलेली नाही बघितली. छापल्यासारखी." मग कागद खाली ठेवला. "पण पुढे कोरी आहे."

अठ्ठावन्न काळे गोल. त्याच्या पुढे बेचाळीस रांगा, एकेका रांगेत चार, नुसते रिकामे. एकोणसाठाव्यात एका गोलाची कड फिरवून झाली होती. आत भरायचं राहिलं होतं.

बायकोने विचारलं, "भरलेल्यातले चुकले किती?"

कारकुनाने शेजारी उत्तरांचा तक्ता धरला आणि पेन्सिल एकेका ओळीवरून खाली नेली. मी पेन्सिलीकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, एखादं तरी चुकलेलं असू दे. पाच-दहा असू देत. तिला येत नव्हते असं असू दे.

"एकही नाही," तो म्हणाला. "अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न. मधेच आजारी पडली होती का?"

"नाही," बायको म्हणाली.

"मग अशी कशी थांबली?"

तिने कागदावर हात फिरवला, घडी घालण्याआधी चादरीवर फिरवतात तसा, आणि परत दिला.

रस्त्यात मी तिच्या मागून चालत होतो. पाऊल बरं झालंय, तरी लंगडत होतो.

घरी मुंगी नव्हती, बाईंकडे गेली होती. बायकोने फळीवरून ही वही काढली. मी हात पुढे केला, ती म्हणाली, "डावं नाही वाचत मी." उजवं पान उघडलं आणि रकान्यावर बोट ठेवून वाचायला लागली. "वेळेत. वेळेत. वेळेत." पान उलटायची, परत वेळेत. आवाज चढला नाही. बारा कागद आणि अधलेमधले धडे, सगळी मिळून अडतीस वेळा. शेवटच्या पानावर माझी सही आहे, खाली रेघ मारलेली.

मग म्हणाली, "मी मेल्यासारखी झोपत होते. एकदा उठून बघायला हवं होतं."

मी म्हणालो, "मला वाटलं, खऱ्या पेपरला हात पळतो."

"ती पळवत होती. मोरीत सांगितलं मला तिने, त्याच दिवशी. घंटा व्हायला दहा मिनिटं उरलीत हे तिला दिसत होतं. नुसती टिंबं मारत सुटावं असं वाटलं म्हणे. पण बाबा म्हणाला होता, बाहेर गेलं की यंत्र खरवडून काढतं."

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग आज मला नेलंस कशाला?"

"मला वाटलं होतं, मोजायला चुकली असेल. थोडे जास्त भरले असतील." वही मिटून म्हणाली, "एकटीने बघवलं नसतं मला."

मी उठलो. पाय आपोआप दाराकडे गेले, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा हात कडीवर होता.

बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "तिने माझ्याकडून वचन घेतलंय. बाबाला सांगायचं नाही. त्याच्यामुळे झालं असं कळलं तर तो जाईल, म्हणाली. दीड महिना पोटात ठेवलंय तिने. मार्क कमी पडले ते पडले, पण तेवढ्यासाठी ती सगळ्यांसमोर आपल्याला येत नव्हतं म्हणून सांगत फिरतेय. बाईंना सांगितलं. बेकरीवाल्याच्या पोरीला सांगितलं." मग म्हणाली, "आता तू जा. बघ जमतं का."

कडी थंड होती. परत आत येऊन बसलो.

तेवढ्यात मुंगी आली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून दारातच थांबली. "काय म्हणाले तिथं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. बोल, असं.

मी म्हणालो, "काही नाही. तू म्हणालीस तसंच. बाकीचे तुला आलेच नाहीत."

"सांगितलं होतं ना मी," मुंगी म्हणाली. तिचे खांदे खाली आले आणि ती पाणी प्यायला गेली.

११ मे

घड्याळ दुरुस्तीला दिलं. दुकानदाराने विचारलं, पत्री कुठे? मुंगीच्या डब्यात होती, मागून आणली. आता चालतं. जोरात वाजतं. वाजू दे.

मुकादमाला कळवलं, येत नाही. इथं नगरपालिकेत गल्लीतल्या रस्त्यांचं काम आहे, छोटं, रोज घरी येता येतं.

ट्रंकवरची टेकडी खरवडली. मुंगी ठेवली. आत हिवाळ्याची अंथरुणं भरली.

१६ मे

जवळच्या साध्या शाळेचा अर्ज आणला. दोन पानी. मुंगी टेबलाशी बसली, मी समोर. बायको पलीकडे चादर शिवत होती.

अर्जात एका ठिकाणी तीन गोल होते. विद्यार्थी कोणाकडे राहतो: आई, वडील, दोघेही. योग्य गोल काळा करा.

मुंगीने पेन आतून टेकवलं. सावकाश पूर्ण फेरी. मग आत, गोल गोल, मध्यापर्यंत. घड्याळ टकटक करत होतं. बायकोची सुई थांबली होती. मला मुंगीचा हात धरावासा वाटला, म्हणावंसं वाटलं, अगं पोरी, नुसती फुली मार, टिंब मार, जाऊ दे बाहेर. पण मग ती विचारेल, का? आणि मला आता काहीच माहीत नाहीये. ते मला जन्मभर माहीत नसायचंय.

तिने अर्ज उचलला, उजेडाकडे तिरका धरला, पांढरं कुठं राहिलंय का बघितलं. मग माझ्यापुढे केला. "दोघेही" पुढचा गोल. एक केसभर बाहेर नाही.

"असा?"

"असाच," मी म्हणालो. "मस्त."